कोंबडी सोडली, पण कलेजीचं काय? मँचेस्टरचे तीन दिवस

माझी धाकटी बहीण निमा फोनवर फार आनंदात होती, म्हणून मी मँचेस्टरचं तिकीट काढलं.

अडुसष्ट वर्षांची बाई. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, उजवा गुडघा पार झिजलेला. रक्तात लोह कमी म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. आणि आवाजात आनंद. मला काही पटेना. खोदून विचारल्यावर कळलं की दर गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे एक जपानी गृहस्थ येतात आणि कोंबडीची कलेजी परतून तिला खायला घालतात. गुडघ्याच्या व्यायामवर्गात ओळख झाली म्हणे. नाव काय, तर मोरी.

"मोरी? आपण भांडी घासायचो ती?" मी विचारलं.

"जपानीत त्याचा अर्थ वन असा होतो, ताई."

"तुला अर्थही माहीत झाला."

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "एकटी आहे बिचारी, कुणी चार घास करून घालतंय तर घालू दे." पुरुषांना हे सोपं वाटतं. मी तीस वर्षं कौन्सिलच्या फूड हायजिन खात्यात काढली आहेत. जो माणूस फुकट खाऊ घालतो त्याचा फ्रीज आधी उघडून बघावा, एवढं तरी मी तिथे शिकले.

पण खरी मेख वेगळीच होती. निमाने कोंबडी सोडली आहे. शरदरावांच्या अस्थी घेऊन ती काशीला गेली तेव्हा मी बरोबर होते. गेलेल्या माणसासाठी आपला एक आवडता पदार्थ तिथे कायमचा सोडतात, हे तुम्हाला माहीत असेलच. बहुतेक लोक पडवळ सोडतात आणि सुटतात. गुरुजींनीही निमाला एखादी भाजी नाहीतर फळ सुचवलं होतं. तिने हातावर पाणी घेतलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "कोंबडी." गुरुजींचा चेहरा कडू झाला, पण पाणी सुटलं होतं.

म्हणजे आता दोनच शक्यता. एक तर तिने काशीत दिलेला शब्द मोडला होता, नाहीतर ती कुणाशी तरी खोटं बोलत होती. पुढच्या महिन्यात तिची रक्ततपासणी होती. या वेळी आकडा वर आला नाही, तर ऑपरेशनच्या यादीत पुन्हा तळाशी. गोळ्या तिच्या पोटाला सोसत नाहीत, सलाईनमधून लोह देण्याची यादीही लांबलचक, आणि मटणाचा वास तिला लहानपणापासून सहन होत नाही. तिचा मुलगा समीर निर्धास्त होता, कारण आई दर आठवड्याला कलेजी खाते.

गुरुवार

लंडनमधल्या आमच्या पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने यूस्टन स्क्वेअर, तिथून पाच मिनिटं चालत यूस्टन. तिकीट तीन आठवडे आधी काढलं तर निम्म्यात पडतं आणि सीनियर रेलकार्डवर आणखी एक तृतीयांश कमी होतं. प्लॅटफॉर्मचा नंबर आयत्या वेळी लागतो आणि सगळे धावत सुटतात, तेव्हा सामान एका हातात मावेल एवढंच ठेवा. सव्वादोन तासांत मँचेस्टर पिकाडिली. आपला लंडनचा पास तिथल्या बसला साडेनऊनंतर चालतो, ट्रॅमला चालत नाही. हे मला ट्रॅममधल्या तपासनिसाने फार गोड आवाजात सांगितलं. नशीब, मी कार्ड टॅप केलेलं होतं. गोड आवाजाच्या तपासनिसांचा मला अनुभव आहे, मीच त्यातली एक होते.

निमा सेलला राहते. हे गावाचं नाव आहे, तिथे काही स्वस्त मिळत नाही. ट्रॅमने पंचवीस मिनिटं, मग लाल विटांची घरं आणि नीट कापलेली कुंपणं.

दार उघडायला तिला इतका वेळ लागला की मी खिडकीतून डोकावले. तिचा पलंग पुढच्या खोलीत आणलेला दिसला. बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. दुपारी ती कशी चढते ते पाहिलं. जिन्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःला एकेक पायरी वर उचलत गेली. तेरा पायऱ्या. मधे एकदा थांबून मला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस, चहा टाक ना." फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं.

मोरी बरोबर साडेपाचला आले. सत्तरीचे, सडपातळ, हातात कापडात गुंडाळलेली सुरी. दारात बूट काढले आणि पिशवीतून स्वतःच्या सपाता काढून घातल्या. मी मनात नोंद केली: या घरात बरंच येणंजाणं दिसतंय. त्यांचं मँचेस्टरमध्ये बारा खुर्च्यांचं एक जपानी दारूचं दुकान होतं. दारूबरोबर खायला छोट्या छोट्या बशा द्यायच्या, अशी त्यांची पद्धत. आता निवृत्त. निमा मला ताई म्हणते हे ऐकून त्यांनी मला 'ताई-सान' म्हणायला सुरुवात केली. मी ते तूर्तास चालवून घेतलं.

त्यांनी कलेजीचा डबा उघडला आणि मी पुढे सरसावले. "या देशात कोंबडी नळाखाली धूत नाहीत. शिंतोडे उडतात, जंतू पसरतात."

"नाही धूत, ताई-सान. दूध," ते म्हणाले.

प्रकार असा, लिहून घ्या. कलेजीवरचा हिरवट डाग आणि पांढऱ्या शिरा कापून टाकायच्या. मग वीस मिनिटं थंड दुधात बुडवून ठेवायची, उग्र वास जातो. कागदाने टिपून कोरडी करायची, वर बटाट्याच्या पिठीचा हात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि तेल फक्त एक चमचा. कलेजी आधी दोन्ही बाजूंनी परतून बाजूला काढायची. त्याच कढईत आलं, लसूण, कोबी, शेवटी मोड आलेले मूग आणि लसणाच्या वासाची ती चपटी चिनी पात. कलेजी परत आत टाकून थोडा कमी मिठाचा सोया सॉस. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. दारूच्या दुकानातलं खाणं म्हणजे तेलकट, असा माझा समज होता, तो खोटा ठरला. मी सर्वांत जाड तुकडा कापून पाहिला, आत गुलाबी नव्हता. कापायचे पाट वेगळे, फडकी वेगळी, हात तीनदा धुतले. मला चूक सापडेना आणि चूक सापडत नाही तेव्हाच मी जास्त सावध होते.

जेवताना निमा फार बोलत होती. "मोरी-सान, फारच छान," असं तीनदा म्हणाली. मोरी मात्र तिच्या ताटाकडे पाहत होते. मीही पाहू लागले. तिचं ताट रिकामं झालं. पण काठीशिवाय चार पावलं न टाकणारी बाई स्वतःचं ताट स्वतः उचलून स्वयंपाकघरात गेली, हे मला खटकलं.

शुक्रवार

सकाळी सातला मी ओट्यावरची कॅडी उघडली. कॅडी म्हणजे उष्टं-खरकटं टाकायचा छोटा डबा. कोबीची देठं, चहापत्ती, आणि त्यांच्याखाली किचन रोलमध्ये व्यवस्थित बांधलेली पुडी. पुडीत कालची कलेजी, एकही तुकडा चावलेला नाही.

"ताई, माझ्या कचऱ्यात काय शोधतेस?" निमा दारात उभी होती.

"तुझं लोह."

ती खुर्चीत बसली. मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या गुरुवारपासून हेच चाललं होतं. पहिल्या दोन वेळी ती नको म्हणाली, तर मोरींना वाटलं मसाला आवडला नाही. समीरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हे कुठलं लॉजिक. डॉक्टरांना काशी कशी समजावायची? आणि सगळ्यांना इतकं बरं वाटत होतं, की आईने अखेर औषध घेतलं, पेशंटने अखेर ऐकलं.

"आणि तपासणीला काय करणार होतीस? तिथे पुडी बांधता येत नाही."

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हाचं तेव्हा म्हणून तू त्या जिन्यावर बसतेस."

"मग काय करू? तू होतीस ना तिथे. पाणी सोडलंय मी."

 मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. काशीतल्या गुरुजींवर काढता आला नसता, त्यांनी बिचाऱ्यांनी पडवळ सुचवलं होतं.

अबोल्यातच आम्ही बाहेर पडलो, कारण मी दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून मोरी आज पुन्हा येणार होते. कलेजीबरोबर या वेळी कोंबडीचं काळीज आणि पेठा, म्हणजे तिच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी, हवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सुपरमार्केटात कलेजी मिळते, बाकीचं नाही. त्यासाठी ट्रॅमने सेंट पीटर्स स्क्वेअर आणि तिथून ऑक्सफर्ड रोडच्या बसने रशोम. तिथल्या हलाल खाटकाकडे सगळं ताजं मिळतं, किलोला चहा-केकपेक्षा कमी पैसे पडतात. निमाने काउंटरवर सवयीने विचारलं, "भैया, पेठा है?"

"बाजी, पेठा मिठाईवाले के पास मिलेगा, सामने," खाटीक म्हणाला.

"अरे वो नहीं, पेट का. मुर्गी का."

"वो पोटा है, बाजी. पेठा माँगोगी तो शक्कर ही मिलेगी." मागे रांगेतल्या बाया हसल्या. निमाही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. खाटकाने तीन वेगळ्या पिशव्या बांधल्या आणि मी कोंबडीचंही विचारलं तेव्हा म्हणाला, "चिकन अलग काउंटर, आंटी." मी त्या वेळी त्याकडे लक्ष दिलं नाही.

परत येताना चायनाटाउनला उतरलो. मोरी पात घ्यायला तिथेच येणार होते. निमाचा गुडघा संपला होता, तिला एका बेकरीत बसवलं आणि मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. म्हटलं, आता सापडलात. विचारणार होते की तुम्हाला माझ्या बहिणीकडून नक्की काय हवंय.

त्यांनीच आधी विचारलं. पातीची जुडी नाकाला लावत, माझ्याकडे न बघता. "ताई-सान, मी काय चुकतोय?"

"म्हणजे?"

"ती खात नाही. मला माहीत आहे. आधी आलं वाढवलं. मग दूध. मग सोयाबीनचा आंबवलेला मिसो घातला. चाळीस वर्षं दुकान चालवलं, बशीत कोण काय लपवतं ते मला दिसतं. माझ्या बायकोचंही लोह कमी होतं. तिने खाल्लं नाही, मी आग्रह केला नाही." त्यांनी जुडी टोपलीत ठेवली. "निमा-सानला सांगू नका मला कळलंय. तिला वाईट वाटेल."

तर हे असं होतं. ती त्यांना फसवत होती आणि ते तिला फसवू देत होते. मी पिनरहून त्यांच्यावर पाळत ठेवायला आले होते. मला त्यांची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली नाही, त्याऐवजी काशी सांगितली. इंग्रजीत ते फार विचित्र वाटतं, करून बघा. पण त्यांना काही विचित्र वाटलं नाही. त्यांच्याकडेही लोक देवाला काहीबाही सोडतात. एकच प्रश्न त्यांनी विचारला: "नक्की काय सोडलं?"

"चिकन."

त्यांनी टोपली खाली ठेवली. "माझ्या दुकानात चिकन कुणी मागितलंच नाही कधी," ते म्हणाले. "मेनूवर तो शब्दच नव्हता. रेबा म्हणजे कलेजी. हात्सु म्हणजे काळीज. सुनागिमो म्हणजे तुमचं ते पोटातलं, शब्दशः वाळूची कलेजी. प्रत्येकाचं नाव वेगळं, बशी वेगळी. चिकन म्हणजे... फार मोठा शब्द आहे."

 मला आमच्या घरचा रविवार आठवला. कोंबडी यायची ती रश्शासाठी, बाबा आणि पाहुण्यांसाठी. पंगत बसायच्या आधीच आई आम्हा दोघींना चुलीपाशी बसवून हळद-मीठ लावलेली कलेजी आणि पेठा तव्यावर परतून द्यायची. बाबा बाहेरून विचारायचे, "पोरींना कोंबडी वाढलीस का?" आणि आई म्हणायची, "अजून नाही. कलेजी-पेठा खाऊन बसल्यात." आमच्या घरात ती कोंबडी नव्हतीच. वाढणारी तसं म्हणत नव्हती, विकणाराही म्हणत नव्हता. रशोमच्या खाटकाकडेसुद्धा तिचा काउंटर वेगळा होता.

संध्याकाळी कढई तापलेली असताना मी हे निमाला सांगितलं. मोरी परतत होते, ती खुर्चीवर बसून पात निवडत होती.

"ताई, तू वकील व्हायला हवं होतंस."

"मी खरं तेच सांगतेय. तू काय सोडलंस? शब्द सांग."

"शब्दाचा खेळ आहे हा."

"काशीत तू शब्दच तर दिला होतास. दुसरं काय होतं तुझ्या हातात?"

ती पात निवडत राहिली. मलाही आतून बरं वाटत नव्हतं, ते इथे लिहून टाकते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन शुक्रवारी मांस खात नसत, पण मासे खात. सातवीत मी उभं राहून विचारलं होतं, सिस्टर, मासा भाजी आहे का? तासभर वर्गाबाहेर उभी होते. असल्या पळवाटांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. नोकरीतही नियमाच्या शब्दात फट शोधणाऱ्यांना मी कधी सोडलं नाही. आणि आता मीच फट दाखवत होते, तीही शुक्रवारी.

"ह्यांना चाललं असतं?" निमाने हळूच विचारलं.

"शरदरावांना तू जिना बसून चढतेस हे चाललं असतं?"

"लिव्हर कडक होतंय," मोरी इंग्रजीत म्हणाले. त्यांना आमचा शब्दही कळत नव्हता, पण कढई कळत होती.

बशा वाढल्या गेल्या. निमाने काट्याने कलेजीचा एक तुकडा उचलला, बराच वेळ धरला आणि तोंडात टाकला. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत होतो, त्यामुळे दोघांनाही नीट दिसलं. तिने दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मोरी उठून कढई धुवायला गेले. लोखंडी कढई धुवायला इतका वेळ लागत नाही.

शनिवार आणि नंतर

परतीची गाडी दुपारची. मोरींनी स्टेशनवर खायला सोया सॉसमध्ये शिजवलेल्या भाताचे गोळे दिले होते. आत काय आहे ते मी उघडून पाहिलं. सवय काही एका शनिवारात जात नाही. नुसते मशरूम होते.

पिनरला आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग, कसा आहे तो जपानी?" मी म्हटलं, "स्वच्छ आहे." माझ्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आजवर कुणाला मिळालेलं नाही, हे ह्यांना ठाऊक आहे.

तिथे जाणार असाल तर शुक्रवारी रशोमला सकाळी जा, दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात. सेलमध्ये कालव्याच्या काठाने चालायला सुंदर रस्ता आहे, गुडघे धड असतील तर.

निमा मला दर गुरुवारी रिकाम्या बशीचा फोटो पाठवू लागली. रिकाम्या बशीने काही सिद्ध होत नाही, पूर्वीही ती रिकामीच असायची. म्हणून मी व्हिडिओ कॉल लावून घेतला. "आता गिळून पण दाखवू का?" ती म्हणायची. "दाखव," मी म्हणायचे.

महिन्याने रक्ततपासणी झाली. आकडा वर आला होता. फार नाही, पण पुरेसा. ऑपरेशनची तारीख आली, पुढच्या महिन्यातला मंगळवार. समीरने मला फोन करून आभार मानले. त्याला अजूनही वाटतं की मी मोरींना परतायची काहीतरी युक्ती सांगितली.

त्या गुरुवारच्या कॉलमध्ये माझ्या लक्षात आलं की निमाच्या बशीत कलेजी आणि काळीज होतं, पण पेठ्याचे तुकडे बाजूच्या वाटीत काढून मोरींपुढे सरकवलेले होते. मी लगेच विचारलं, "तो का नाही घेतलास? चिवट झालाय?"

"सोडला."

"काय?"

"तू गेलीस त्याच दिवशी. सिंकपाशी उभी राहून, हातावर नळाचं पाणी घेऊन. ह्यांच्या नावाने."

"निमे, मी तुला समजावलं होतं ना, की ते..."

"पटलं होतं मला तुझं. कलेजी ही कोंबडी नाही. म्हणून तर मग मोकळं मोकळं वाटायला लागलं, जणू ह्यांच्यासाठी काहीच सोडलेलं नाही." ती खाली बघून घास कालवत होती. "आणि कलेजी मला कधी आवडायची नाही, ताई. ती तुझ्या वाटणीची असायची. मला पेठाच आवडायचा. आई मला वेगळा काढून द्यायची."

हे मी विसरले होते. चूलही आठवत होती, बाबांचा प्रश्नही शब्दशः आठवत होता, पण कुणाच्या ताटात काय होतं ते विसरले होते.

आता मीही दर गुरुवारी निमाच्या वाटणीचा तो पेठा करते. इथल्या सुपरमार्केटात पेठा मिळत नाही, म्हणून बस पकडून तो आणायला जाते. वरची चंदेरी साल काढून पातळ चकत्या कापते आणि मोठ्या आचेवर परतते. हे खात नाहीत, त्यांना चावत नाही. मी एकटीच बसून खाते. आत वाळू राहिली नाही ना हे बघत, एकेक चकती, बराच वेळ.